किटलीचं पान

आत्यांना मासे आवडत नाहीत, असा प्रयोगशाळेत एक समज होता. एकतीस वर्षं रोज सकाळी मेलेले मासे मोजणाऱ्या बाईबद्दल लोकांनी दुसरा कोणता समज करून घ्यावा? खरं म्हणजे आत्या माशांशी बोलायच्या. पण दार लावून बोलायच्या, त्यामुळे समज टिकून होता.

त्या नक्की कुणाच्या आत्या, हेही कुणाला सांगता आलं नसतं. फार वर्षांपूर्वी त्यांची सख्खी भाची तिथे दोन महिने शिकायला आली होती आणि दिवसभर "आत्या, आत्या" करत मागे फिरायची. भाची गेली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली, पण आत्या मात्र प्रयोगशाळेला चिकटल्या त्या चिकटल्याच. मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, दाराच्या कडीलासुद्धा हुद्द्याने हाक मारतील अशा. पण त्याही आत्यांना आत्याच म्हणत.

काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांतून बाटल्या यायच्या. कुठे साबणात घालायचं काही, कुठे रंगात मिसळायचं काही. हे उद्या सांडपाण्यातून नदीत गेलं तर काय होईल, हा प्रश्न. आणि उत्तर द्यायला मासे. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळ्या रेघा ओढलेले, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखे. एका टाकीत दहा. बाटलीतलं मोजून घालायचं, चार दिवस बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. मासे पोहत असले तर "निर्धोक", नाहीतर "घातक". एकूण चोवीस टाक्या, सहा-सहांच्या चार रांगा, आणि प्रत्येक रांगेला हवेचा एकेक पंप. त्या पंपांची घरघर दिवसरात्र चालू असे. घरी गेल्यावर आत्यांना शांततेचाच त्रास व्हायचा. म्हणून की काय, त्यांनी लग्न घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी केलं होतं.

आत्यांच्या नोंदवह्या हा सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होता. मोत्यासारखं अक्षर, सरळ ओळी. "आत्यांच्या वहीत खाडाखोड दाखवा आणि आठवडाभर माझ्याकडून चहा प्या," अशी पैज दर वर्षी कुणी ना कुणी लावायचं, आणि दर वर्षी समोरचा हरायचा. समासात मात्र आत्या पेन्सिलीने बारीक काहीबाही लिहीत. "गरगर फिरले." "वर येऊन तोंड उघडतात." "झोपल्यासारखे, मग गेले." ते कुणी वाचत नसे. अहवालात समासाला रकाना नव्हता.

तर अशा या आत्यांच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते आणि त्यांची इच्छा एकच होती. ती त्यांनी घड्याळजींना सांगितली होती आणि टाकीतल्या माशांना सांगितली होती: "जाण्याआधी हे पंप मला माझ्या हाताने बंद करायचेत."

इच्छा हवेतली नव्हती, कारण प्रयोगशाळेत टक्का आला होता.

टक्का हा कॉम्प्युटरवाला. वय पस्तीसच्या आसपास, डोक्यावरचे केस मात्र त्याहून बरेच पुढे निघून गेलेले. प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलायची त्याला सवय. जेवलास का विचारलं तर "साठ टक्के" म्हणायचा. नाव पडायला आणखी काय लागतं? गेली तीन वर्षं तो एकच काम करत होता. आत्यांच्या सगळ्या नोंदवह्यांचे फोटो काढून त्या कॉम्प्युटरला वाचायला देत होता. कोणतं रसायन, त्याच्या अणूंचा सांगाडा कसा, त्याने मासे मेले की जगले. जुनी शिक्षिका जशी वर्गात पाऊल टाकताच ओळखते की खिडकीजवळचा तो पोरगा पुढे डोकेदुखी होणार, तसं नुसता सांगाडा बघून कॉम्प्युटरने ओळखावं की हे रसायन घातक आहे की निर्धोक. मग मासे कशाला मारायचे?

"आत्या, मी तुमची नोकरी खाणार बघा," तो म्हणायचा.

"खा बाबा, पण लवकर खा," आत्या म्हणायच्या. "नऊच महिन्यांची उरलीय."

पण कॉम्प्युटर म्हणतो म्हणून नदीत काहीही सोडायला तयार होणारं खातं अजून जन्माला यायचं होतं. परीक्षा हवी. पेपर काढायचं काम मोठ्या बाईंनी आत्यांवर सोपवलं, कारण खरी उत्तरं त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक? आत्यांनी चाळीस रसायनं निवडली. नावांची यादी टक्क्याला दिली आणि सांगितलं, "ही चाळीस तुझ्या कॉम्प्युटरच्या अभ्यासातून काढून टाक. त्याने आधी बघितलेली नकोत." उत्तरं पाकिटात घालून, पाकिटाला लाख लावून, कपाटात ठेवली, किल्ली पर्समध्ये. चाळीसपैकी चौतीस बरोबर आली तर कॉम्प्युटर पास. पास झाला की महिनाअखेर मासेघर बंद.

परीक्षेच्या दिवशी मीटिंगच्या खोलीत टक्का नवा शर्ट घालून आला होता. शर्टाची घडी तशीच होती. पाठीवर एक टाचणीही राहिली होती, ती आत्यांनी गुपचूप काढली. मोठ्या बाईंनी पाकीट फोडलं आणि एकेक उत्तर वाचायला घेतलं. पडद्यावर कॉम्प्युटरचं उत्तर, बाईंच्या हातात आत्यांचं. बरोबर. बरोबर. बरोबर. विसाव्या उत्तराला टक्का उभा राहिला, तिसाव्याला खाली बसला. शेवटी बाई म्हणाल्या, "अडतीस."

टाळ्या झाल्या. कुणीतरी टक्क्याच्या पाठीत धपाटा घातला. टाचणी काढली होती ते बरं झालं.

"पंचाण्णव टक्के, आत्या!" टक्का ओरडला. "पंचाण्णव!"

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सहज विचारलं, "ती दोन चुकलेली कोणती रे?"

पहिलं रंगातलं काहीतरी होतं. तिथे कुणीही चुकलं असतं. दुसरं एक लांबलचक नावाचं रसायन. आत्यांच्या पाकिटात "निर्धोक", पडद्यावर "घातक, खात्री नव्व्याण्णव टक्के".

आत्यांनी चष्मा पुन्हा पुसला. मग तिसऱ्यांदा पुसला. काच स्वच्छच होती.

ते लांबलचक नाव म्हणजे साबणाच्या एका कारखान्यातून आलेला बिचारा चिकट पाक होता. कारखान्याने त्याचं बाजारातलं नाव ठेवलं होतं रेशीम-तीन. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आत्यांनी तिसऱ्या रांगेच्या टाक्यांत रेशीम-तीन घातलं, आणि चहाची तलफ आली म्हणून भिंतीवरचा एक प्लग काढून तिथे विजेची किटली लावली. चहा प्यायल्या, घरी गेल्या. काढलेला प्लग तिसऱ्या रांगेच्या पंपाचा होता. सकाळी झाडूवाल्या मावशींनी लोंबकळणारी वायर बघून प्लग परत जागेवर लावला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. चांगलं काम केल्याचं काय सांगायचं? आत्या आल्या तर तिसऱ्या रांगेतले मासे मेलेले, आणि शेजारच्या रांगेत साध्या पाण्यातले मजेत, कारण त्यांचा पंप वेगळा. आत्यांनी लिहिलं: "घातक."

तीन आठवड्यांनी पुन्हा चहाची तलफ आली. हात प्लगकडे गेला आणि तिथेच थांबला. आत्यांनी कुणाला न सांगता ती चाचणी नव्याने केली. सगळे मासे चार दिवस ठणठणीत. तेव्हाच्या साहेबांना त्यांनी घाबरत घाबरत सांगितलं, तर साहेब म्हणाले, "अहवाल वर गेलाय, बाई. तो खाली आणायला मी वर जाणार नाही." मग आत्यांनी चूक कबूल करणारी एक चिठ्ठी लिहिली आणि नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. टक्क्याने पानांचे फोटो काढले होते. पुठ्ठ्याचे कोण काढतो?

रविवारी सकाळी घड्याळजी जेवणाच्या टेबलावर एक घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला भिंग लावून. आत्या समोर बसून वाटाणे सोलत होत्या. अर्धे वाटाणे सालीत जात होते.

"अहो, ऐकताय का?"

"एका डोळ्याने ऐकतोय. बोल."

आत्यांनी सगळं सांगितलं. किटलीचं ते एकोणीस वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं. आता पडद्यावरचं सांगितलं. "त्या पाकाच्या अंगात घातक असं काही नाहीच हो. सांगाडा बघून कुणी त्याला घातक म्हणणार नाही. सगळ्या जगात ते एकाच ठिकाणी लिहिलंय. माझ्या वहीत. मग त्याला कुठून कळलं?"

घड्याळजींनी भिंग काढलं. "दुकानात कधी कधी एकाच घरातली दोन घड्याळं येतात. दोन्ही बरोबर सात मिनिटं मागे. एक मागे असलं तर त्यात बिघाड. दोन्ही सारखीच मागे असली, तर एक दुसऱ्याकडे बघून लावलेलं."

"तेच म्हणतेय मी. त्याने माझी वही बघून लिहिलंय."

"बाकीची उत्तरंसुद्धा?"

"असणार. बरोबर उत्तरात नक्कल कळत नाही ना. चुकीत कळते."

घड्याळजींनी भिंग टेबलावर ठेवलं. "नाही सांगितलंस तर?"

"महिनाअखेर पंप बंद."

"आणि सांगितलंस तर?"

"तर पंप चालू. मासे मरत राहणार, मी मोजत राहणार, आणि नऊ महिन्यांनी नारळ... नव्हे, निरोप देतील तशी निघून येणार. शिवाय किटलीचं सगळ्यांना सांगावं लागेल. एवढी नीटनेटकी बाई, आणि काय केलं तर चहा."

"मग?"

आत्यांनी सालीतले वाटाणे वेचून परत वाडग्यात टाकले. "मग काय. उद्या कुणी तरी नदीत काहीतरी ओतणार आणि वर म्हणणार, कॉम्प्युटर म्हणाला होता. तो बिचारा काय म्हणणार? तो माझंच म्हणणार."

"चहा टाकू का?" घड्याळजींनी विचारलं, आणि आत्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुन्हा भिंग लावलं.

सोमवारी आत्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात किटली. टक्का तिथे आधीच होता. मासेघर बंद करत असल्याचं पत्र दोघं मिळून लिहीत होते. आत्यांनी किटली टेबलावर ठेवली.

"ही काय भेट आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. हा पुरावा आहे."

आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पुठ्ठा उघडून पिवळी पडलेली चिठ्ठी दाखवली. बाईंनी ती दोनदा वाचली. टक्का हसला, म्हणजे हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"पण आत्या, मी ती चाळीस नावं काढली होती. एकूण एक. शंभर टक्के."

"नावं काढलीस रे. पण माझ्या वहीत कारखान्यांची नावं आहेत. पाकिटात रेशीम-तीन नव्हतं, ते लांबलचक नाव होतं. सांगाडा मात्र तोच. पाहुण्यांच्या यादीत एकच बाई माहेरच्या नावाने एकदा आणि सासरच्या नावाने एकदा. तू सासरची खोडलीस. माहेरची जेवून गेली."

टक्का उठला आणि त्याच्या खोलीत गेला. तासाभराने परत आला. चेहरा पाण्यातून काढल्यासारखा.

"छत्तीस," तो म्हणाला. "चाळीसपैकी छत्तीस आत होती, दुसऱ्या नावांनी. त्याने ती नुसती आठवून लिहिली."

"आणि उरलेली चार?" बाईंनी विचारलं.

"तीन बरोबर. पण चारांवरून काय टक्के काढणार?"

टक्क्याने टक्के काढायला नकार दिलेला प्रयोगशाळेने त्या दिवशी प्रथम पाहिला. त्याने ती छत्तीसही खरोखर काढून टाकली, कॉम्प्युटरला नव्याने शिकवलं आणि तोच पेपर पुन्हा दिला. पंचवीस बरोबर. नऊ गुणांनी नापास.

मोठ्या बाईंनी अर्धवट लिहिलेलं पत्र फाडलं. मग किटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चालते का अजून?"

"चालते की," आत्या म्हणाल्या. "पंपाहून बरी चालते."

"मग चहा करा. पण माझ्या खोलीतल्या प्लगवर."

किटलीची बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली. एकजण आठवडाभराच्या चहाची पैज जिंकल्याचं सांगत आला. "खाडाखोड कुठाय?" आत्यांनी विचारलं. "चिठ्ठी आहे. चिकटवलेली. पैज खाडाखोडीची होती." तो हात हलवत परत गेला.

टक्का मात्र चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी आत्या त्याच्या खोलीत गेल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"रागावलायस माझ्यावर?"

"नाही हो. माझ्यावर. तीन वर्षं मी एका पाठांतरवाल्याला हुशार समजत होतो."

"अरे, माझी थोरली पाढे असेच म्हणायची. घडाघडा. मध्येच विचारलं सात नव्वे किती, की परत सात एकेपासून सुरू. पुढे तीच गणित शिकवायला लागली. पाठांतर करणाऱ्याला मारायचं नसतं, मधलंच विचारायचं असतं. आणि एक सांगू का? तुझ्या कॉम्प्युटरला एक उत्तर येतच नाही."

"कोणतं?"

"माहीत नाही, हे."

टक्क्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"त्या रंगातल्यासारखं त्याने आधी काहीच बघितलेलं नव्हतं," आत्या म्हणाल्या. "तरी ठोकून दिलं. मला नाही कळलं तर मी मोठ्या बाईंना विचारायची. हा कुणाला विचारतच नाही."

त्यानंतरचे महिने दोघांनी एका टेबलावर काढले. टक्क्याने पानांचे फोटो पुन्हा काढले, या वेळी पुठ्ठ्यासकट आणि समासासकट. गरगर फिरून मरणारे एका गटात, वर येऊन तोंड उघडणारे दुसऱ्या, झोपल्यासारखे जाणारे तिसऱ्या. मरणही एकाच जातीचं नसतं हे कॉम्प्युटरला त्या पेन्सिलीच्या अक्षरातून कळायला लागलं. आणि ज्याच्यासारखं काही आधी पाहिलेलंच नाही, तिथे गप्प बसून "माहीत नाही" म्हणायचं, हेही तो शिकला. टक्का म्हणाला, हे त्याला शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आत्या म्हणाल्या, माणसांना त्याहून जास्त लागतो.

नवा पेपर पुन्हा आत्यांनीच काढला. या वेळी आपल्या वहीतलं एकही रसायन नाही. 'माहीत नाही' या उत्तराला चूक धरायचं नाही, असंही ठरलं. त्यांनी अकरा परगावच्या प्रयोगशाळांना पत्रं लिहिली, उत्तरं मागवली, आणि एकोणसाठाव्या वर्षी रसायनांचे सांगाडे जुळवायला शिकल्या. नावावर विश्वास ठेवायचा नाही, हाडं मोजायची. टक्क्याला खोलीबाहेर काढून, दार लावून, एकेक सांगाडा त्या स्वतः तपासायच्या. आतून बोलण्याचा आवाज यायचा. आता त्या कॉम्प्युटरशी बोलत होत्या.

चाळीस पुरी झाली, पाकिटाला लाख लागली, आणि आत्या निवृत्त झाल्या. पाकीट कपाटात, किल्ली मोठ्या बाईंकडे, पंप चालूच. जाताना त्या मासेघरात गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या. दार लावलेलं होतं, त्यामुळे काय बोलणं झालं ते कळलं नाही.

दोन महिन्यांनी टक्क्याचा फोन आला. "आत्या, उद्या येता का? चाळीसपैकी सहांना तो म्हणाला, माहीत नाही. चौतिसांना उत्तर दिलं. तेहतीस बरोबर."

"आणि ते एक?"

"मला वाटलंच तुम्ही विचाराल. निर्धोकाला घातक म्हणाला. भित्रेपणा केला, दुसरं काही नाही. नक्कल नाही, मी हाडं मोजलीत."

"किती टक्के झाले?"

"नका विचारू," टक्का म्हणाला. "तुम्ही या फक्त."

दुसऱ्या दिवशी फाटकावर पहारेकऱ्याने आत्यांना अडवलं. एकतीस वर्षं रोज सलाम करणारा माणूस. "काय करू, आत्या, आता तुम्ही बाहेरच्या. वहीत लिहावं लागतं." आत्यांनी त्याची वही घेतली. येणाऱ्याचं नाव, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कामाचं स्वरूप. तिथे त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "प्लग काढणे."

मासेघरात मोठ्या बाई होत्या, टक्का होता, आणि दुकान बंद ठेवून आलेले घड्याळजी होते. ठरलं होतं ते असं: ज्याला कॉम्प्युटर "माहीत नाही" म्हणेल, तेवढ्यापुरती एक रांग चालू राहील. बाकी तीन बंद. त्या रांगांतले मासे मोठ्या काचेच्या पेटीत घालून खाली प्रवेशाच्या खोलीत ठेवले होते. पहारेकरी त्यांना पहिल्याच दिवशी तीनदा खाऊ घालून बसला होता.

आत्यांनी पहिल्या रांगेचा प्लग काढला. मग दुसऱ्या. घरघर कमी होत गेली, तसे सगळे उगाचच हळू बोलायला लागले. तिसऱ्या रांगेच्या प्लगवर एक लाल कागद चिकटवलेला होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा, अक्षर आत्यांचंच: "हा काढू नये." त्यांनी तो नखाने सोलला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि प्लग काढला.

टक्क्याने किटली पुढे केली. आत्यांनी ती त्याच जागी लावली.

पाणी उकळेपर्यंत त्या चौथ्या रांगेसमोर उभ्या होत्या. तिथला पंप एकटाच चालू होता. "किती बाटल्या आल्यात या महिन्यात, 'माहीत नाही'वाल्या?"

"दोन," टक्का म्हणाला.

"आणि पुढच्या?"

"माहीत नाही."

"शिकलास," आत्या म्हणाल्या, आणि कप मांडायला लागल्या.